बोलता बोलता केलेली दुरुस्ती शिकणाऱ्याच्या लक्षात येते का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी मातृभाषा नसलेल्या मोठ्या माणसांना मराठी शिकवताना हे प्रश्न सतत कानावर येतात. विचारणाऱ्यांत शिकणारे असतात, शिकवणारे असतात, आणि घरात अमराठी सून, जावई किंवा भाडेकरू असलेली मंडळीही असतात. उदाहरणं बरीचशी हिंदीभाषक शिकणाऱ्यांची आहेत, कारण पुण्या-मुंबईत गाठ त्यांच्याशीच जास्त पडते. संशोधन मात्र बहुतेक फ्रेंच, इंग्रजी, इटालियन शिकणाऱ्यांवर झालेलं आहे.

लोक माझं मराठी कधी सुधारतच नाहीत. मग मला कळणार कसं?

सुधारतात हो. फोनवरचं हे बोलणं बघा. तुम्ही विचारता, "हॅलो, आवाज येते का?" पलीकडून उत्तर येतं, "हो हो, येतोय आवाज, बोला." तुम्ही बोलायला लागता. दुरुस्ती झाली, तुमच्या कानावरून गेली, आणि तुम्हाला ऐकू आलं ते फक्त "हो".

हिंदीत आवाज स्त्रीलिंगी, मराठीत पुल्लिंगी. समोरच्याने बरोबर रूप तुमच्या हातात ठेवलं, पण ते तुमच्या प्रश्नाच्या उत्तरात गुंडाळून. तुम्हाला उत्तर हवं होतं, तेवढं तुम्ही घेतलंत. सहलीहून आल्यावर "खूप मजा आला" म्हणालात की समोरचा म्हणतो, "हो ना, मजा आली!" तुम्हाला वाटतं, याला पटलं. त्याला खरंच पटलेलं असतं. त्याच वाक्यात त्याने तुमचं लिंगही दुरुस्त केलेलं असतं, आणि कित्येकदा त्याचा त्यालाही पत्ता नसतो.

यालाच रीकास्ट म्हणतात का?

हो. चुकलेलं वाक्य बोलण्याच्या ओघात बरोबर करून परत म्हणायचं, चूक झाली असं न म्हणता. दुरुस्तीचे इतरही प्रकार आहेत. रॉय लिस्टर आणि लैला रांटा यांनी 1997 साली कॅनडातल्या मॉन्ट्रियल परिसरातल्या फ्रेंच माध्यमाच्या वर्गांचा अभ्यास प्रसिद्ध केला. घरी इंग्रजी बोलणारी मुलं तिथे शाळेचे विषय फ्रेंचमधून शिकत होती. सुमारे 18 तासांचं ध्वनिमुद्रण ऐकून त्यांनी शिक्षकांच्या दुरुस्त्यांचे सहा प्रकार पाडले.

मराठीत ते असे दिसतील. शिकणारा म्हणाला, "मी चहा घेतली." तर "घेतली नाही, घेतला म्हणायचं" ही सरळ दुरुस्ती. "घेतला ना? छान" हा रीकास्ट. "काय म्हणालात?" ही विचारणा. "चहा पुल्लिंगी ना?" ही नियमाची आठवण. "मी चहा…" म्हणून थांबणं, म्हणजे वाक्य त्याने पुरं करावं. आणि "घेतली?" असं चुकीचंच रूप वरच्या सुरात परत म्हणणं.

त्या वर्गांत निम्म्याहून जास्त, 55 टक्के दुरुस्त्या रीकास्ट होत्या. त्यांच्यानंतर मुलांनी दुरुस्तीला काहीतरी प्रतिसाद दिला तो 31 टक्के वेळा. अर्धं वाक्य सोडून थांबण्याला मात्र दर वेळी प्रतिसाद मिळाला, मग तो बरोबर असो वा चूक. शिक्षक जे सगळ्यात जास्त वापरत होते, त्यालाच मुलांचा प्रतिसाद सगळ्यात कमी मिळत होता.

'लक्षात येणं' म्हणजे नेमकं काय? ऐकू तर सगळंच येतं.

रिचर्ड श्मिट या अमेरिकी भाषावैज्ञानिकाचं नाव इथे घ्यायला हवं. ते ब्राझीलमध्ये पाच महिने राहिले, पोर्तुगीज शिकले आणि रोजनिशी ठेवत गेले. सिल्विया फ्रोटा यांच्यासोबत त्यांनी अधूनमधून स्वतःचं बोलणंही टेप केलं. 1986 साली दोघांनी मिळून जे लिहिलं त्यात दोन गोष्टी होत्या. एक, रोजनिशीत "हे रूप आज ऐकलं" अशी नोंद झाली की ते रूप त्यांच्या बोलण्यात यायला लागायचं. नुसतं आजूबाजूला असून भागत नव्हतं. दुसरी मला जास्त बोलकी वाटते. टेपवर लोक त्यांना सुधारताना स्पष्ट ऐकू येत होते, आणि त्यातलं बरंचसं त्या वेळी त्यांना दुरुस्ती म्हणून जाणवलंच नव्हतं. भाषाविज्ञानाच्या प्राध्यापकाची ही गत, तर बँकेतल्या बदलीवर पुण्यात आलेल्या माणसाकडून काय अपेक्षा करायची?

श्मिट यांनी 1990 मध्ये यातून सिद्धांत मांडला: जे जाणिवेने टिपलं जातं तेच पुढे शिकण्याच्या कामी येतं. 'जाणिवेने' या अटीवर पुढे बराच वाद झाला. पण त्यातली एक बारीक गोष्ट विसरू नये. टिपणं म्हणजे नियम समजणं नव्हे. "अरे, हे लोक 'आवाज येतोय' म्हणतात" एवढं खटकलं तरी ते टिपणंच. आवाज पुल्लिंगी असतो हे नंतर कळलं तरी चालतं.

दुरुस्ती ओळखायची तर आणखी एक गोष्ट लागते: आपण स्वतः काय बोललो ते आठवणं. 2006 मधल्या एका प्रयोगात शिकणाऱ्यांना संवादांचे व्हिडिओ दाखवले. काहींना पूर्ण, काहींना बोलणाऱ्याचं मूळ वाक्य कापून. ज्यांना मूळ वाक्य ऐकायला मिळालं नाही, त्यांना पुढचं वाक्य दुरुस्ती आहे की नुसती री ओढली आहे, हे ओळखणं जास्त अवघड गेलं. आता चालू गप्पांत आपलंच वाक्य कितीसं लक्षात राहतं? पुढचं जुळवण्यात डोकं गुंतलेलं असतं.

कोणत्या चुकांची दुरुस्ती पटकन कळते?

शब्दाची आणि उच्चाराची. व्याकरणाची सर्वांत कमी.

ॲलिसन मॅकी, सुझन गॅस आणि किम मॅकडॉनो यांचा 2000 सालचा अभ्यास यावर आहे. इंग्रजी शिकणारे दहा आणि इटालियन शिकणारे सात जण. प्रत्येकाचा संवाद चित्रित केला, लगेच त्यांनाच दाखवला आणि विचारलं, या क्षणी तुमच्या मनात काय चाललं होतं? शब्द आणि उच्चार सुधारले गेले तेव्हा बहुतेकांना ते तसंच कळलं होतं. प्रत्यय, काळ, लिंग-वचन सुधारलं गेलं तेव्हा मात्र त्यांना वाटत होतं की समोरच्याला अर्थ लागला नाही, किंवा गप्पा नुसत्या पुढे चालल्या आहेत.

मराठीत हे रोज दिसतं. दिल्लीकर पाहुणा म्हणाला, "माझी सगळी शिक्षा दिल्लीत झाली." टेबलावर हशा पिकतो, कोणीतरी विचारतं, "काय गुन्हा केला होतात?" आणि तो जन्मात पुन्हा शिक्षणाला शिक्षा म्हणत नाही. "पोली" म्हटलं की घरातली आजी "पोळी, पोळी" असा ळ घोळवून सांगते. जमो न जमो, काय सुधारलं ते कळतं. पण "मी पुणेला जातो" ला "पुण्याला? कधी?" असं उत्तर आलं, की तो सांगतो, "शनिवारी." त्याच्या दृष्टीने प्रश्न गावाचा आणि वाराचा होता. 'पुणे'चं 'पुण्या' झालं, हे त्याच्या गावीही नसतं.

कारण सरळ आहे. "शिक्षा" ने अर्थाचा घोटाळा होतो. "पुणेला" ने काहीच बिघडत नाही, माणूस पुण्यालाच पोहोचतो.

आमचे भाडेकरू किती वर्षं पुण्यात आहेत, मराठी झकास बोलतात, पण अजून "मी उद्या येते" म्हणतात. पुरुष माणूस! त्यांना कोणीच कसं सांगितलं नाही?

हा माझा आवडता प्रश्न आहे, कारण इथे मराठीचं व्याकरणच दुरुस्तीला आडवं येतं.

आधी चूक कुठून आली ते बघू. त्यांनी मराठी बहुधा बायकांकडून ऐकलं: ऑफिसातल्या सहकारी, घरमालकीण, कामाला येणाऱ्या मावशी. शिवाय हिंदीच्या कानाला 'ते' हा शेवट बायकी वाटतच नाही. तिकडे "आते हैं" पुरुषांचंच असतं. त्यामुळे त्यांना शंका यायचं कारणच नाही.

आता ते म्हणाले, "मी उद्या येते." तुम्ही ओघात काय म्हणाल? "बरं, उद्या येताय ना? किती वाजता?" बघा काय झालं. तुम्ही 'मी' चं 'तुम्ही' केलंत, करावंच लागतं, आणि 'तुम्ही' सोबतच्या "येताय" मध्ये बाई-पुरुष हा भेदच नाही. "येतो" हे बरोबर रूप तुमच्या वाक्यात येऊच शकत नाही. 'तू' म्हणत असाल तर "येतोस" येईल, म्हणजे निदान खूण तरी. पण भाडेकरूंना 'तू' कोण म्हणतं? चहा, आवाज, मजा यांचं लिंग रीकास्टमध्ये जसंच्या तसं परत येतं. 'मी' ची रूपं येत नाहीत. तुम्ही कितीही सुधारून बोला, त्यांना टिपायला काही मिळतच नाही.

परदेशातल्या मराठी घरांत याचीच दुसरी आवृत्ती असते. मुलगा दिवसभर मराठी ऐकतो ते आईचं, म्हणून तोही "मी येते, मी गेले" म्हणतो. आई म्हणते, "गेलास का? शाब्बास." बाबा घरी असतील आणि स्वतःबद्दल मराठीत बोलत असतील, तर मुलाला "मी गेलो" ऐकायला मिळतं. नाहीतर ते आणायचं कुठून?

इथे उपाय एकच, सरळ सांगणं: "तुम्ही 'येतो' म्हणा, 'येते' बायका म्हणतात." वाक्य पाच सेकंदांचं आहे. लोक इतकी वर्षं ते टाळतात ते केवळ भिडेपोटी.

मग "हो, हो" म्हणून सुधारूच नये का?

"हो" म्हणा, पण दुरुस्ती त्याच दमात नको. लिस्टर यांनी 1998 मध्ये मॉन्ट्रियलच्या त्याच वर्गांच्या नोंदी पुन्हा तपासल्या. शिक्षक बरोबर वाक्यसुद्धा पुष्कळदा परत म्हणत होते, आणि "छान", "बरोबर" हे शब्द बरोबर वाक्यांना लागत होते तसेच रीकास्टलाही. मुलाने ओळखायचं कसं, की यातलं कुठलं कौतुक आणि कुठली दुरुस्ती? आपल्याकडे तर "अच्छा", "हो का", "बरं बरं" याशिवाय वाक्य सुरूच होत नाही.

दुरुस्तीला थोडी धार द्यावी लागते. कॅथरीन डॉटी आणि एलिझाबेथ व्हॅरेला यांनी 1998 मध्ये वर्णन केलेली पद्धत मला सर्वांत सोयीची वाटते. विज्ञानाच्या वर्गात शिक्षिका आधी मुलाचं चुकलेलं रूप जोर देऊन, प्रश्नाच्या सुरात म्हणायची. तो सावरला नाही तरच बरोबर रूप द्यायची. आपल्याकडे ते असं होईल: "चहा *घेतली*?" एक क्षण थांबा. नाहीच सुचलं, तर "घेतला." बस्स. त्यानंतर चहा कसा होता ते विचारा.

आणि छोटं ठेवा. "काल संध्याकाळी मी आणि माझा मित्र दुकानमध्ये गेले आणि एक किताब घेतली" या वाक्यात दोन-तीन गोष्टी सुधारायच्या आहेत. सगळ्या एका दमात सुधारून म्हणालात तर ऐकणाऱ्याला एकही सापडणार नाही. "दुकानात" एवढंच म्हणा, बाकीचं सोडून द्या.

शिकणाऱ्याच्या डोक्यात काय चाललंय हे संशोधकांना कळतं कसं?

नीटसं कळत नाही, म्हणून तर इतक्या युक्त्या. व्हिडिओ दाखवून विचारण्याची एक वर सांगितली. जेनेफर फिल्प यांच्या 2003 च्या प्रयोगात इंग्रजी शिकणाऱ्या प्रौढांशी गप्पा चालत. रीकास्ट दिला की टेबलावर दोनदा टकटक, आणि शिकणाऱ्याने नुकतंच ऐकलेलं वाक्य परत म्हणायचं. 60 ते 70 टक्क्यांहून जास्त वेळा लोकांना ते जमलं. वाक्य लांब असलं किंवा त्यात बदल जास्त असले की जमेना. आकडा चांगला दिसतो, पण टकटक होणार हे माहीत असलं की माणूस कान टवकारूनच बसतो. भाजीवाली टकटक करत नाही.

सुधारल्यावर त्याने ते परत म्हटलं नाही, म्हणजे डोक्यावरून गेलं?

तसं नाही. मॅकी आणि फिल्प यांनीच 1998 मध्ये दाखवलं, की दुरुस्त होणारी रचना शिकण्याइतकी ज्यांची तयारी झालेली होती त्यांना रीकास्टचा फायदा झाला, आणि तो त्या क्षणी त्यांनी काही परत म्हटलं नसतानाही. उलटही घडतं: पोपटासारखं "घेतला" म्हणून पुढच्याच वाक्यात "नाश्तापण घेतली" म्हणणारे भरपूर आहेत. लगेच परत म्हणणं हा पुरावा कच्चा आहे. तुमच्याजवळ तोच एक असेल तर वापरा, पण त्यावर प्रगतिपुस्तक लिहू नका.

मी "काय?" विचारलं की आमचे जावई तेच वाक्य मोठ्याने म्हणतात.

कारण त्यांना वाटतं तुम्हाला ऐकू आलं नाही. वयाने मोठ्या माणसाने "काय?" म्हटलं तर कोणालाही तसंच वाटेल. "मी नाही जातो" कळलं असेल तर "काय?" नको, "जात नाही का? बरं" किंवा सरळ "'जात नाही' म्हणायचं" बरं.

मी चुकलो की दुकानदार लगेच हिंदीवर येतो. ही दुरुस्तीच समजायची का?

नाही. तो तुम्हाला सुधारत नाही, सौदा पुढे ढकलतो आहे. मुंबईत तर कित्येकदा तुम्ही चुकलेलेही नसता, नुसता हेल वेगळा लागला तरी समोरचा हिंदीत शिरतो. "मराठीतच बोला ना, शिकतोय मी" म्हणून बघा. बहुतेक जण खूश होतात. मात्र दुकानात गर्दी असताना हा हट्ट धरू नये.

हिंदीवर उडी मारणाऱ्या मराठी माणसाबद्दल मला राग नाही असं म्हणणार नाही. आपण याला सौजन्य म्हणतो, पण शिकणाऱ्याच्या कानावर पडू शकणारं बरोबर रूप त्यात जातं. "लोक मराठी शिकत नाहीत" ही तक्रारही पुन्हा आपलीच असते.

सारखं सुधारलं तर माणूस बोलायचंच बंद करेल ना?

करू शकतो. भाषाशिक्षणाचे अभ्यासक स्टीफन क्रॅशन यांचं तर म्हणणंच होतं, की समजेल अशी भाषा भरपूर ऐकायला-वाचायला मिळू द्या, दुरुस्तीने काही साधत नाही. त्याच क्षेत्रातल्या मायकल लाँग यांनी उलट बाजू धरली: संवाद चालू असताना अर्थ न तोडता मिळालेली दुरुस्ती उपयोगी पडते. पुढच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित हिशेब दुरुस्तीच्या बाजूने आहे. पण तो बराचसा वर्गातला किंवा प्रयोगशाळेतला आहे. सासरच्या जेवणाच्या टेबलावरचा नाही, जिथे नवी सून बोलली की चार जण एकदम सुधारतात. घरी एकाच माणसाने सुधारावं, आणि ते कोणी हे तिने ठरवावं.

वर्गातल्यांना जास्त कळतं की नुसत्या गप्पांतून शिकणाऱ्यांना?

लक्ष भाषेच्या रूपाकडे असायची सवय असेल तर जास्त कळतं. लिस्टर आणि हिरोहिदे मोरी यांनी 2006 मध्ये क्युबेकमधले फ्रेंचचे वर्ग आणि अमेरिकेतले जपानीचे वर्ग शेजारी ठेवले. दोन्हीकडे रीकास्ट भरपूर. पण जपानीच्या वर्गात ऐकलेलं सगळ्यांनी एकत्र परत म्हणायची पद्धत होती, आणि तिथली मुलं रीकास्टही उचलत होती. म्हणून घोकंपट्टीला सरसकट नावं ठेवू नयेत. आठवड्यातून थोडा वेळ नुसती रूपं म्हटली, "चहा झाला, कॉफी झाली, दूध झालं", तर पुढे गप्पांत तेच रूप आलं की कान त्यावर थबकतो.

शिकणारा म्हणून मी स्वतः काय करू?

एका माणसाला एकच काम द्या. "माझं मराठी सुधारा" असं सांगितलंत तर कोणी सुधारणार नाही, कारण त्यांना सुरुवात कुठून करायची ते कळत नाही. "मी नपुंसकलिंग चुकलो की 'अं' करा" हे सांगितलंत की काम होतं; "माझा घर" म्हणालात की "अं", लगेच "माझं घर". महिन्याभराने दुसरं काहीतरी द्या.

समोरच्याने तुमचेच शब्द जरा बदलून परत म्हटले, की उत्तर द्यायच्या आधी त्याचं रूप ओठांवर घ्या. "पुण्याला? कधी?" ला "पुण्याला, शनिवारी." सुरुवातीला कृत्रिम वाटतं. समोरच्याला अजिबात वाटत नाही, मराठी माणसं असं बोलतातच.

व्हॉट्सॲपवर सुधारलेलं जास्त टिकतं का?

निदान ते स्क्रीनवर राहतं, आणि तुमचं मूळ वाक्यही वरच असतं, म्हणजे फरक शोधता येतो. चॅटमधल्या दुरुस्तीवर नजर किती थांबते हे डोळ्यांच्या हालचाली मोजून पाहणारे अभ्यासही झाले आहेत. ऱ्हस्व-दीर्घ सुधारणाऱ्यांपासून मात्र लांब राहा. त्यात मूळ मराठी माणसंही हरतात.

मी शिकलो "मी आले" बायकांचं, पण कोल्हापूरच्या मैत्रिणी "मी आलो" म्हणतात. नागपूरचा मित्र "काय करून राहिला?" विचारतो. मी बरोबर बोललो तरी ते वेगळं म्हणतात. ही दुरुस्ती धरायची का?

नाही, त्या त्यांच्या भाषेत बोलत आहेत. कोल्हापूरकडे बायका स्वतःबद्दल "मी आलो, मी जातो" म्हणतात, आणि नागपुरात "करून राहिलो" अगदी रोजचं. शिकणाऱ्याला यातला फरक कळणं कठीण, कारण रीकास्ट दिसतो तसाच हाही दिसतो: तुम्ही एक रूप वापरता, समोरून दुसरं येतं. शंका आली की विचारा, "मी चुकलो, की तुमच्याकडे असं म्हणतात?" कोल्हापूरकर असोत वा नागपूरकर, या प्रश्नाचं उत्तर देताना त्यांना चढणारा उत्साह आवरणं अवघड असतं. वेळ काढून विचारा.